संत लाझारोच्या ताटलीतली बारा नंबर

उबाल्दोचं नाक हे आमच्या गल्लीतलं सगळ्यात जपलेलं नाक आहे. त्या नाकापायी अकरा वर्षं झाली, मी दर रविवारी, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी काळा घेवडा लसणाशिवाय शिजवते. बिनलसणाचा घेवडा म्हणजे उपासाचा महिनाच पानात वाढल्यासारखं. माझा नवरा सिरिलो त्या दिवशी जेवायला बसला की आधी पातेल्याचं झाकण उघडतो, वास घेतो, झाकण परत ठेवतो आणि म्हणतो, "आज कोंपाद्रेचं नाक जेवणार. आपण नुसतं सोबतीला बसायचं."

उबाल्दो शेजारीच राहतो. बायको वारल्यापासून त्याचं संध्याकाळचं जेवण आमच्याकडे. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी त्याला कारखान्यात सिगार चाखायच्या असतात, आणि आदल्या दिवशीचा लसूण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जिभेवर मुक्काम करतो, असं त्याचं म्हणणं. त्या दिवशी सकाळची कॉफी नाही, अत्तराचा साबण नाही, दाढीनंतरचं पाणी नाही. अकरा वाजेपर्यंत बिनसाखरेचा काळा चहा आणि कोरड्या पावाचा तुकडा. पाद्री लोकसुद्धा इतके नेम पाळत नसतील.

मी आणि उबाल्दो शाळेत एका बाकावर बसून अक्षरं गिरवली. माझ्या ओदालिसच्या बाप्तिस्म्याला त्याने तिला हातांवर धरलं, तो तिचा धर्मबाप झाला आणि त्या दिवसापासून तो माझा कोंपाद्रे, मी त्याची कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं लागलं की अरे-तुरे संपतं. ज्याच्या शाईत मी बोटं बुडवली, त्याला एकोणतीस वर्षं "तुम्ही" म्हणते आहे. वहीत मात्र मी त्याला "तो"च लिहिते. वही काही बाप्तिस्म्याला हजर नव्हती.

चाखणारा म्हणून त्याला नेमलं ती गोष्ट गावात अजून सांगतात. तेव्हा तो स्वतः सिगार वळायला बसायचा. एक दिवस पानांची नवी गासडी उघडली आणि हा सुरी खाली ठेवून म्हणाला, "या कोठारात शेळी झोपते." सगळे हसले. कोठाराचा मालक दुसऱ्या दिवशी तावातावाने भांडायला आला, की माझ्या कोठारात पाखरूसुद्धा शिरत नाही. मग चार जण बघायला गेले. शेळी नव्हती, बोकड होता. मागच्या फळीतून यायचा आणि पानांच्या ढिगावर पहुडायचा. उबाल्दो आजही कबूल करतो की नर का मादी हे त्याला वासावरून सांगता आलं नव्हतं.

सिगारीचे तो तीन भाग करतो. कारखान्यातल्या कागदावर त्यांना पहिला, दुसरा, तिसरा म्हणतात. हा त्यांना सकाळ, दुपार, संध्याकाळ म्हणतो. सकाळी सिगार तुम्हाला नाव सांगते, दुपारी गोष्ट सांगते आणि संध्याकाळी तक्रारी करायला लागते. म्हणून तो संध्याकाळ सुरू झाली की ती खाली ठेवतो. तेवीस वर्षांत त्याने एकही सिगार शेवटपर्यंत ओढलेली नाही. बोलणंही मोजकं. झुरका आत घेत नाही, तोंडात फिरवतो, थोडा नाकातून सोडतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "ओला दगड." थोड्या वेळाने, "नवं खोगीर." मग, "कोको, करपायच्या जरा आधीचा." मी एकदा विचारलं, "कोंपाद्रे, तुम्हाला तंबाखूची चव कधी लागते?" तर म्हणाला, "कोमाद्रे, ती लागली तर सिगार बिघडलेली असते."

आता मुख्य गोष्ट.

कारखान्यात खिडकीजवळ एक खुर्ची आहे. तिथे बसून भरल्या अंगाची, अंगठ्याएवढी जाड सिगार वळतात. ती कुणालाही वळू देत नाहीत. तिच्या पोटात झाडाच्या शेंड्याचं पान सढळ हाताने घालतात. ते पान सगळ्यात जास्त ऊन प्यालेलं, सगळ्यात जास्त वर्षं मुरवलेलं, सगळ्यात तेज आणि सगळ्यात सावकाश जळणारं. ते बरोब्बर मधोमध बसावं लागतं. केसभर इकडे तिकडे सरकलं की सिगार लंगडी जळते, एक अंग पुढे आणि एक मागे. सिरिलो तीच पानं पिकवतो, म्हणून आमच्या घरात त्या पानाला मुलाबाळासारखा मान.

त्या खुर्चीवरची म्हातारी डोळ्यांमुळे घरी बसली आणि खुर्ची रिकामी झाली. परीक्षेला दोघी उरल्या. एक माझी ओदालिस, नऊ वर्षं कारखान्यात. दुसरी सेनाइदा, एकावन्न वर्षांची, आधी दोनदा याच खुर्चीने हुलकावणी दिलेली. सेनाइदाचा आणि माझा परिचय रविवारच्या मिस्सेपुरता. ती माझ्या पुढच्या बाकावर बसते आणि भजनात सगळ्यांच्या वरचा सूर लावते, जो चर्चच्या पेटीत नाही.

परीक्षा अशी. दोघींनी एकाच दिवशी, एकाच ढिगातली पानं घेऊन पाच-पाच सिगार वळायच्या. नावं नाहीत, कागदाच्या कड्यावर नुसता आकडा. पाच चाखणारे, प्रत्येकाला दोघींची एक-एक. पाचांपैकी एकाचाही कागद आला नाही तर तो आकडा बाद, आणि ती बाई पुढच्या परीक्षेपर्यंत जुन्याच टेबलावर राहणार. उबाल्दोने साहेबांना सांगून पाहिलं की मला वगळा, एक मुलगी माझी धर्मकन्या आहे आणि मला कारखान्यातला प्रत्येक हात ओळखू येतो. साहेब म्हणाले, "आकड्यांना धर्मबाप नसतो. चाखा."

त्यातच चाखायच्या खोलीला तेलरंग लावायला घेतला. रंगाच्या वासात कोण काय चाखणार? म्हणून पाचही जणांना सांगितलं की या खेपेला घरी चाखा आणि गुरुवारी सकाळी कागद आणून द्या. उबाल्दोच्या घराच्या मागे ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान, दिवसभर डिझेल. तो बुधवारी सकाळी सात वाजताच आमच्या मागच्या पडवीत येऊन बसला.

तो बुधवार म्हणजे संत लाझारोच्या सणाचा आदला दिवस. आमच्याकडे त्याला सगळे म्हातारबाबाच म्हणतात. कुबड्या घेतलेला, अंगावर जखमा, पायाशी दोन कुत्री. माझ्या बैठकीत कोपऱ्यात त्याची मूर्ती आहे, आईकडून आलेली. म्हातारबाबाला सिगार आवडते हे इथे लहान मुलालाही ठाऊक आहे. मी नवस बोलले होते की ओदालिसला खुर्ची मिळावी म्हणून सणाच्या आदल्या दिवशी तिच्याच हातची सिगार वाहीन. रविवारीच उबाल्दोला सांगून ठेवलं होतं, "कोंपाद्रे, ओदालिसच्या टेबलावरची एक आणा बरं का म्हातारबाबासाठी. रोजच्या कामातली चालेल."

"आणतो," म्हणाला.

बुधवारी मी सकाळच्या मिस्सेला गेले, येताना फुलं घेतली. नऊ वाजता घरी आले तर उबाल्दो पडवीत नव्हता. एक सिगार चाखून झाली की तो तासभर नदीकाठी चालून येतो, तोंड मोकळं करायला. बैठकीच्या टेबलावर देवदाराच्या पातळ सालीत गुंडाळलेली एक सिगार. मी मनात म्हटलं, आणली बिचाऱ्याने. साल उघडली. काय देखणी होती! तेल लावल्यासारखी तकाकी, कोको उकळल्यासारखा रंग. कागदाच्या कड्यावर बारा लिहिलेलं होतं. मला वाटलं काही कारखान्याचा हिशेब असेल. म्हातारबाबाला आकडा काय करायचा? कडं काढून एप्रनच्या खिशात टाकलं, सिगार त्याच्या पुढच्या ताटलीत ठेवली, मेणबत्ती लावली, चर्चमधून आणलेलं पवित्र पाणी तीन बोटांनी शिंपडलं आणि मोठ्याने म्हणाले, "म्हातारबाबा, ज्या हातांनी ही वळली, त्या हातांना खिडकीजवळची खुर्ची दे."

कसं सुचलं तसं म्हणाले. बरं वाटलं. नवस नेटका बोलला की मलाही बरं वाटतं.

दहा वाजता उबाल्दो आला, चहाचा पेला भरून घेतला आणि टेबलाकडे पाहून उभा राहिला.

"कोमाद्रे, इथे एक सिगार होती."

"म्हातारबाबाला वाहिली की! मोठी सुरेख आणलीत हो."

उबाल्दोने सदऱ्याच्या खिशातून दुसरी सिगार काढली, जरा बारीक, रोजच्या कामातली. "ओदालिसच्या टेबलावरची ही," तो म्हणाला. "ती परीक्षेची होती."

मी एप्रनच्या खिशातून ते कडं काढून पुन्हा वाचलं. सिरिलो दारात बसून बुटांची माती खरवडत होता, त्याने तिथूनच विचारलं, "कुणाची होती? आपल्या पोरीची का दुसरीची?"

"आकड्यांना धर्मबाप नसतो," उबाल्दो म्हणाला. पण म्हणताना त्याने छताकडे पाहिलं.

"कोंपाद्रे, दुसरी मागून आणा ना!"

"दुसरी नाही. पाच चाखणारे, पाच सिगार. माझा कागद गेला नाही तर बारा नंबर बाद."

म्हणजे बारा नंबर ओदालिसची असेल तर मी माझ्याच हाताने, माझ्याच नवसाने, माझ्या पोरीची संधी घालवली होती. आणि सेनाइदाची असेल तर दुसरीच्या पोटावर पाय दिला होता, तोही म्हातारबाबाच्या साक्षीने. दोन्हींतलं काय बरं, हे मला ठरवता येईना. देवा, खोटं कशाला लिहू, पहिल्या क्षणी ठरवता आलं होतं. दुसऱ्या क्षणी लाज वाटली.

"यात एवढं काय?" सिरिलो म्हणाला. "ही खिशातली ताटलीत ठेवा आणि ताटलीतली उचला. सिगारीच्या बदल्यात सिगार. म्हातारबाबा काय नंबर बघतोय?"

"वाहिलेलं उचलतात का?" मी ओरडले.

"वाहिलेलं उचलत नाहीत," उबाल्दोही म्हणाला. त्याच्या घरात मूर्ती नाही, मिस्सेला तो नाताळात आणि मयतीलाच दिसतो, पण एवढं त्यालाही कळतं.

तो मूर्तीपुढे जाऊन उभा राहिला. चहा थंड होत होता. मग हळूच म्हणाला, "कोमाद्रे, वाहिलेली सिगार तशीच ठेवतात का ओढून देतात?"

हे मात्र मला आधी सुचायला हवं होतं. आमच्याकडे दोन्ही रीती आहेत. काही जण नुसती ठेवतात. जुनी माणसं पेटवतात, मूर्तीपुढे बसून ओढतात आणि धूर तिच्याकडे सोडतात. धूर संताचा, खटाटोप माणसाचा. माझी आजी तशीच करायची, खोकत खोकत.

"ओढून देतात," मी म्हणाले. "पण मग त्याच्यापुढे बसून जे बोलाल ते खरं बोलावं लागतं. कोंपाद्रे, ते कबुलीसारखं असतं."

"मला पगार त्याचाच मिळतो," उबाल्दो म्हणाला आणि पडवीतली खुर्ची आत आणली.

चाखायची म्हणजे सोपं नाही. आधी तो म्हणाला फुलं बाहेर ठेवा, गुलछडीचा वास नाकात जातो. मी म्हातारबाबाची माफी मागून फुलं अंगणात नेली. मग तो मेणबत्तीकडे बघू लागला.

"ती विझवणार नाही," मी म्हणाले.

"विझवू नका. खिडकीत ठेवा, वारा बाहेर जातोय."

"आणि ती कुत्री?" सिरिलो म्हणाला. "त्यांनाही बाहेर काढायचं का? ओल्या कुत्र्याचा वास येईल तुम्हाला."

उबाल्दोने ताटलीतून सिगार उचलली तेव्हा मी क्रूस केला. त्याने ती कानाशी धरून बोटांनी दाबली, जसं आपण पिकलेला पेरू बघतो. तिच्या डोक्यावरच्या, पानाच्याच टोपीचं टोक कापलं. न पेटवताच एक झुरका ओढला. "ओढ मोकळी," मूर्तीला म्हणाला. मी कागद-पेन्सिल घेऊन शेजारी बसले, कारण तो तोंडाने सांगणार आणि मी टिपणार असं ठरलं. त्याला हात मोकळे लागतात.

देवदाराच्या काडीने पेटवली. पहिला धूर म्हातारबाबाच्या गुडघ्यांवर गेला.

"सुकलेलं गवत," उबाल्दो म्हणाला. "मग मिरी. तेज आहे, पण घसा धरत नाही."

मी लिहीत होते. राख पांढुरकी, घट्ट, नखभर, मग बोटभर. पडत नव्हती. उबाल्दोचा चेहरा मला पहिल्या इयत्तेपासून पाठ आहे. तो खूश होता. पहिल्या सिगारीच्या वेळी, सकाळी पडवीत, खूश होता का? मी तिथे नव्हते. हेच कळायला हवं होतं आणि हेच विचारता येत नव्हतं.

"दुपार," तो म्हणाला. "नवं खोगीर. भाजलेली कॉफी. आणि काहीतरी गोड... गुळाची ढेप फोडल्यावर हाताला लागतं ते. म्हातारबाबा, भरल्या अंगाची ही अशी. जड आहे आणि अंगावर येत नाही."

"बाईबद्दल बोलावं तसं बोलताहेत सिगारीबद्दल," सिरिलो कुजबुजला.

"तू बाईबद्दल कधी एवढं बोलला असतास तर," मी म्हणाले.

बारा वाजता ओदालिस जेवायला आली. दारातच थबकली. तिला वाटलं पणजी परत आली की काय, एवढा धूर. मी तिला बोटाने गप्प राहायला सांगितलं आणि ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

तेवढ्यात उबाल्दोने सिगार तोंडातून काढली आणि कपाळाला आठी घातली. जळण्याची रेघ वाकडी झाली होती. डावं अंग पुढे धावत होतं, उजवं मागे रेंगाळत होतं. सिगार लंगडत होती.

"हं," उबाल्दो म्हणाला.

त्याने ती फिरवली, थांबला, एक झुरका ओढला. रेघ आणखी तिरकी झाली. सिरिलोला सांगावं लागलं नाही. त्याचा उभा जन्म त्या पानात गेला. तो हळूच म्हणाला, "शेंड्याचं पान सरकलंय." खुर्चीच्या परीक्षेत याहून मोठा दोष नाही.

"काय लिहू?" मी विचारलं.

"थांबा जरा." मग तो माझ्याकडे वळला. "कोमाद्रे, ही ताटलीत ठेवताना हिला काही झालं? पडली? काही लागलं?"

मी पेन्सिल ठेवून जपमाळ हातात घेतली. मी ओदालिसकडे पाहिलं. ती सिगारीकडे बघत होती, डोक्यावरच्या टोपीच्या त्या बारीक तीन वळशांकडे. स्वतःचं काम ती कधी असं बघत नाही. स्वतःच्या कामाकडे बघताना तिचे ओठ मिटलेले असतात, चूक शोधत असते. आता तोंड किंचित उघडं होतं, जसं लहानपणी दुकानातल्या केककडे बघताना असायचं. मला कळलं. बारा नंबर तिची नव्हती.

म्हणजे मी गप्प बसले तर कुणाचंही काही बिघडणार नव्हतं, एका बाईशिवाय. मी एक मणी सरकवला. दुसरा सरकवला. उबाल्दो वाट बघत होता. म्हातारबाबाही बघत होता, आणि त्याची कुत्रीही. मी चौथ्या मण्यावर होते तेव्हा ओदालिसची नजर ताटलीवर गेली. तिथे पाण्याचा एक थेंब अजून वाळायचा होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं. ही पोर मी बाप्तिस्म्याला नेली, हिला दहा आज्ञा मी शिकवल्या. आता तिथेच उभी राहून ती माझीच उजळणी घेत होती.

"पवित्र पाणी शिंपडलं," मी म्हणाले. "तीन बोटांनी. उजव्या अंगाला."

"किती?"

"नवसाला लागतं तेवढं."

"म्हणजे बादलीभर," सिरिलो म्हणाला.

उबाल्दोने सिगार डोळ्यांजवळ नेली. "मला वाटलंच. पोटातलं पान सरकलं असतं तर चव बदलली असती, एकदम कडू झाली असती. चव सरळ चालली आहे, नुसता अंगरखा, बाहेरचं पान, अडखळतोय. पण वाटून उपयोग नाही, बघायला पाहिजे. पानाचा दोष असेल तर ही शेवटपर्यंत लंगडेल. पाण्याचा असेल तर ओल संपली की आपली आपण सरळ होईल."

मग आम्ही चौघं त्या राखेकडे बघत बसलो. आयुष्यात मी पुष्कळ चमत्कारांची वाट पाहिली आहे, पण एवढ्या जवळून नाही. उबाल्दो मिनिटाला एक झुरका घेत होता, घाई नाही, आशा नाही. रेघ तिरकीच. आणखी एक झुरका. तिरकीच. ओदालिसने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो चांगलाच दाबला, आणि मला समजेना की ती सिगार सरळ व्हावी म्हणून दाबते आहे का होऊ नये म्हणून. आज विचारलं तर म्हणते, "आई, मलाही समजत नव्हतं."

बोटाच्या पेराएवढं जळून गेलं आणि उजवं अंग पावलं टाकायला लागलं. आधी हळू. मग पकडलंच त्याने डाव्याला. रेघ पुन्हा आखल्यासारखी सरळ झाली, आणि तेव्हाच ती बोटभर राख, जी इतका वेळ टिकली होती, गळून म्हातारबाबाच्या ताटलीत पडली.

"कुबड्या टाकल्या," सिरिलो म्हणाला. त्या दिवसात त्याने काढलेला हा एकच चांगला शब्द.

"लिहा," उबाल्दो म्हणाला. "जळण: उजव्या अंगाला काही काळ मंद. कारण बाहेरचं."

"बाहेरचं म्हणजे काय लिहू? साहेब विचारतील."

त्याने मूर्तीकडे पाहिलं. त्याच्यापुढे बसून खरं बोलायचं, हे मीच सांगितलं होतं. "लिहा, पवित्र पाणी."

गुरुवारी निकाल लागला. कारखान्यात वळणारे काम करत असताना उंच ओट्यावर बसून वाचणारा त्यांना रोज वर्तमानपत्र आणि कादंबरी वाचून दाखवतो, आणि असले निकालही तोच वाचतो. त्याने दोन्ही आकड्यांचे पाच-पाच कागद वाचले. ओदालिस सांगते, बारा नंबरचा उबाल्दोचा कागद वाचताना तो "कारण:" पर्यंत आला आणि थांबला. चष्मा पुसला, परत वाचलं, आणि मग नाटकातल्यासारखा आवाज काढून म्हणाला, "पवित्र पाणी." दोनशे माणसं हसायला लागली. मग त्याने सांगितलं की बारा नंबर म्हणजे सेनाइदा, आणि खुर्ची तिची. तेव्हा सगळ्यांनी आपल्या वाकड्या सुऱ्या लाकडी फळ्यांवर आपटायला सुरुवात केली. आमच्याकडे टाळ्या अशाच वाजवतात. सेनाइदाने एप्रन तोंडावर घेतला. ओदालिस म्हणते, तिनेही सुरी आपटली, जरा जास्तच जोरात, फळीला खाच पडली.

घरी आल्यावर मी तिला नवसाचे शब्द सांगितले. ज्या हातांनी ही वळली, त्या हातांना. ती आधी हसायला लागली, हसता हसता रडली, आणि मग परत हसली. "आई, म्हातारबाबाने तुझं अक्षर न् अक्षर ऐकलं!"

ऐकलं खरं. मला त्याच्यावर रागावताही येईना. रविवारी सेनाइदा पुढच्या बाकावर नेहमीच्या तिच्या सुरात गायली, किंबहुना त्याच्याही वर, आणि मी पहिल्यांदा तिच्याबरोबर त्या सुरात जायचा प्रयत्न केला. तिथे मोकळी जागा पुष्कळ आहे.

त्याच रविवारी दुपारी उबाल्दो जेवायला आला. गुरुवारच्या सणाची सुट्टी कारखान्याने सोमवारी दिली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी चाखायचं नव्हतं. मी अकरा वर्षांत पहिल्यांदा रविवारच्या घेवड्यात लसणाचा अख्खा गड्डा घातला होता. तो तीन वेळा जेवला. मग साखर घातलेली कॉफी घेऊन पडवीत बसला आणि सदऱ्याच्या खिशातून ओदालिसची सिगार काढली. म्हातारबाबासाठी आणलेली आणि त्याला न मिळालेली ती. बुधवारपासून त्याच्या खिशातच होती.

ओदालिस उंबऱ्यावर बसली. "पाद्रिनो," ती आपल्या धर्मबापाला म्हणाली, "सांगा आता. परीक्षेत माझं कुठे कमी पडलं? खरं सांगा."

"सकाळी," उबाल्दो म्हणाला. "तुझी सकाळ जरा घट्ट असते. घाई करतेस. तू बोलतेसही तशीच, पहिले चार शब्द एकदम. दुपारपासून काही बोलायला जागा नाही. पुढच्या खेपेला सकाळ मोकळी सोड."

ती मान हलवत राहिली. तो ओढत राहिला. सकाळ गेली, दुपार गेली. मी भांडी घासून बाहेर आले तेव्हा सिगार बोटांच्या पेरापर्यंत आली होती आणि हा अजून झुरके घेत होता. तेवीस वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं.

"कोंपाद्रे, संध्याकाळ झाली की! ठेवा खाली. बोटं भाजतील."

"भाजू देत," तो म्हणाला. "ही मी चाखत नाहीये, कोमाद्रे. ओढतोय."